व्हीसीआरवाल्यांची कैफियत

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात एक सावध आदर आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते गोळा करता करता एक अख्खे संग्रहालय उभे केले, तेव्हापासून ज्याच्या घरी चारदोन पितळी समया आणि एखादा गंजका अडकित्ता आहे, त्यालाही पाहुण्यांसमोर "हे जरा हौशी आहेत बरं का" असे म्हणून पुढे करण्याची वहिवाट पडली आहे. नाणी जमवणारा इतिहासप्रेमी ठरतो, पोस्टाची तिकिटे जमवणारा सुसंस्कृत ठरतो, आणि ग्रामोफोनच्या तबकड्या जपणाऱ्याला तर षड्‌ज कशाशी खातात हे ठाऊक नसतानाही रसिकाग्रणी म्हणून मिरवता येते. परंतु ज्याच्या माळ्यावर, पलंगाखाली आणि क्रमाक्रमाने पलंगावरही १९८० ते १९९५ या काळातले व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर साठत गेले आहेत, त्या गृहस्थाची ओळख करून देताना घरची माणसे आवाज खाली आणतात आणि "तसे स्वभावाने चांगले आहेत" अशी पुस्ती जोडतात.

मी या दुसऱ्या वर्गातला. महसूल खात्यात उभी हयात दप्तरे सांभाळण्यात गेल्यामुळे, निवृत्तीनंतर ज्याची कोणालाच गरज नाही असे काहीतरी काळजीपूर्वक जतन केल्याशिवाय मला चैन पडेना, हे माझ्या व्यसनाचे मूळ असावे असा आमच्या सौभाग्यवतींचा तर्क आहे; आणि तो खोडून काढण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

व्हीसीआरला प्रतिष्ठा का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्राचीनत्वाला मान मिळतो तो ती वस्तू वापरणारे सर्व लोक परलोकवासी झाल्यानंतर. पेशवेकालीन अडकित्त्याचा मूळ मालक अकस्मात दारात उभा राहून "अहो, हा तर आमच्याकडचा, पावसाळ्यापूर्वी रद्दीवाल्याला दिलेला" असे म्हणण्याची धास्ती संग्रहालयांना नसते. व्हीसीआरचे साक्षीदार मात्र हयात आहेत, धडधाकट आहेत, आणि दुर्दैवाने चहाला येतात. आल्याबरोबर त्यांची दृष्टी शोकेसकडे जाते आणि "अरे वा! हा आमच्याकडे होता. दोनशे रुपयांत घातला भंगारात" हे वाक्य ते अशा प्रसन्न मुद्रेने उच्चारतात, की तेवढ्यापुरते मनुष्यवधाविषयीचे दंडविधानातले कलम फारच कडक असल्याचे वाटू लागते. आपण स्वतः किलोच्या भावाने ज्याची वासलात लावली, त्याच वस्तूला दुसऱ्याच्या घरी हात जोडायला कोण तयार होईल?

आणि तरीही या यंत्राने एके काळी जो दरारा भोगला, तो फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला आला असेल. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झाले, १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने पडद्याला रंग चढला, आणि त्याच सुमारास रत्नागिरी-रायगडकडची जी मंडळी दुबई-कुवेतला नोकरीस होती, ती रजेवर परतताना ब्लँकेटात गुंडाळलेला एकेक व्हीसीआर घेऊन विमानतळावर उतरू लागली. तेथे जकातीच्या अंमलदारापुढे त्या ब्लँकेटाची जी उकल होत असे, तिच्यापुढे वस्त्रहरणाचा प्रसंग सौम्य म्हणावा लागेल. जकात भरून आणि हुज्जत घालून घरी आलेल्या त्या यंत्रावर भरतकाम केलेले झाकण पडत असे. त्या झाकणावर फुलदाणी, फुलदाणीत कागदी गुलाब. आणि यंत्र सुरू करायचे झाल्यास हा सर्व सरंजाम उतरवावा लागत असल्यामुळे, ते शक्यतो सुरू न करण्याकडेच घराचा कल राही.

ज्यांचे कोणीच आखातात नव्हते, त्या बहुजनसमाजासाठी भाड्याची व्यवस्था होती. एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन चित्रपट असा तो मुद्देमाल वाडीत किंवा चाळीत येई, त्यासाठी घरटी वर्गणी निघे, आणि सकाळी तो परत करायचा असल्याने तिन्ही चित्रपट एकाच रात्रीत पाहणे हे नागरिकांचे कर्तव्य मानले जाई. पहिला चित्रपट कोणता लावावा यावर जी मसलत चाले, ती पुष्कळदा पहिल्या चित्रपटापेक्षा लांबत असे. वडीलधाऱ्यांसाठी सोज्वळ कौटुंबिक चित्रपट आधी, महिलावर्गासाठी रडका चित्रपट नंतर, आणि ज्या तरुणांनी प्रत्यक्ष धावपळ करून वर्गणी गोळा केली त्यांचा अमिताभ बच्चन शेवटी, असा तोडगा अखेरीस निघे. आणि पहाटे तीनच्या सुमाराला अमिताभने पहिला गुंड लोळवला की पडद्यापुढे ते सर्व तरुणही लोळलेले आढळत.

या समारंभाचा खरा सूत्रधार म्हणजे यंत्राबरोबर येणारा व्हिडिओ लायब्ररीचा मुलगा. त्याच्याखेरीज कोणी बटणाला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम असे. चित्रात मुंग्या आल्या, म्हणजे तो मुलगा शांतपणे उठे, वरचे झाकण काढी, खिशातून एक कोरी करकरीत दहाची नोट काढी आणि ती यंत्राच्या गाभ्यात घालून हेड पुशी. नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकास जे वचन देतात, त्यात या सेवेचा अंतर्भाव नाही. पण चित्र साफ येत असे, आणि चाळीतील एखादा सुशिक्षित गृहस्थ "नोटेच्या कागदात सुती धागा असतो" असे स्पष्टीकरण देऊन आपल्या शिक्षणाचे चीज करून घेई. आज हे कोणी करू नये. हेडचे टोक अतिशय नाजूक असते. त्याला हरणाच्या कातड्याची काडी स्पिरिटात बुडवून आडवीच धरावी लागते, उभी घासली की खेळ खलास.

त्या हेडविषयी चार शब्द लिहिल्यावाचून माझ्याने पुढे जाववणार नाही. घरात बसून सिनेमा पाहणाऱ्याला पेटीच्या आत काय चालले आहे याची कल्पना नसते, आणि नसते तेच बरे. कॅसेट आत सरकली की दोन खुंट्या पुढे येतात, अर्धा इंच रुंदीची ती चकचकीत तपकिरी फीत कॅसेटच्या पोटातून ओढून काढतात आणि ६२ मिलिमीटर व्यासाच्या, किंचित कललेल्या एका गुळगुळीत पिंपाभोवती तिचा वेढा देतात. फीत सरकते ती सेकंदाला सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे आमच्या कचेरीतील फाइलीच्या तुलनेत वेगाने, पण एरवी संथच. ते पिंप मात्र मिनिटाला १५०० फेरे घेते, आणि त्याच्या कडेला समोरासमोर बसवलेली दोन हेडे त्या फितीवर तिरप्या रेघा ओढीत जातात, एकेक रेघ म्हणजे अर्धे चित्र. ज्या फटीतून हे सारे लेखनवाचन होते, ती केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही अरुंद असते. इतक्या सूक्ष्म कारागिरीतून, सुमारे अडीचशे मीटर फितीवर, आपण तीन तास काय साठवले, तर मावसबहिणीच्या लग्नातील रुखवत. मनुष्यजातीच्या प्रगतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर तो लवकर आटोपतो. १९५६ साली अमेरिकेत ॲम्पेक्स कंपनीने चित्र फितीवर उतरवणारे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र दाखवले. ते घडवणाऱ्या चमूत पुढे ध्वनीच्या क्षेत्रात नाव काढणारा रे डॉल्बी हा त्या वेळचा विद्यार्थी होता. ते यंत्र कपाटाएवढे होते आणि प्रक्षेपण केंद्रांनाच परवडणारे होते. घराघरात शिरण्याची चढाओढ जपानात झाली: सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणले, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस आणले. बीटामॅक्सचे चित्र सरस होते असे त्याचे भक्त अद्यापि शपथेवर सांगतात. परंतु आरंभीच्या बीटामॅक्स कॅसेटीत एकच तास मावत होता आणि व्हीएचएसमध्ये दोन, आणि सिनेमा अर्ध्यावर सोडून उठण्यापेक्षा किंचित धुरकट चित्र पत्करण्याचा शहाणपणा जगाने दाखवला. हिंदी चित्रपट तीन तासांचे असल्यामुळे आपल्याकडे तर या दाव्याचा निकाल सुनावणीआधीच लागला होता.

आता संपादनाविषयी. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याला बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही आमच्या पंथाची मुख्य क्षेत्रे. तेथे फुटक्या मिक्सरांच्या आणि एकेकट्या चपलांच्या सान्निध्यात एखादा व्हीसीआर धूळ खात पडलेला असतो. त्याच्याकडे थेट पाहायचे नाही, हा पहिला नियम. आधी मिक्सरची चौकशी करायची, मग एका इस्तरीची, आणि निघता निघता पायाने किंचित स्पर्श करून "हे काय आहे?" असे विचारायचे. परंतु विक्रेते मनकवडे असतात. तो तत्काळ वायर जोडतो, समोर हिरवे आकडे लुकलुकू लागतात, आणि तो विजयी स्वरात म्हणतो, "बघा साहेब, चालू कंडिशन!" दिवा लागणे आणि यंत्र चालणे यांत जे अंतर आहे, ते अर्ज दाखल होणे आणि अर्ज मंजूर होणे यांतल्या अंतराहून तसूभरही कमी नाही, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नसतो, कारण ते त्यालाही ठाऊक असते. "रिमोट?" असे विचारले की त्याच्या मुद्रेवर जी करुणा उमटते, तिचा मी येथे उल्लेख करू इच्छित नाही.

घरी आणून झाकण उघडले, की खरा तपास सुरू होतो. आत बहुधा एक मृत झुरळ, एक वायसर, क्वचित लहान मुलाने कॅसेटच्या तोंडातून घातलेले चार आण्याचे नाणे, आणि एका प्रकरणात पूर्ण सुस्थितीतील पाच तीन दोनची बदामाची सत्ती. हा पंचनामा आटोपला की रबराकडे वळायचे. रबर हा व्हीसीआरचा प्रारब्धभोग आहे. धातू टिकतो, प्लॅस्टिक टिकते, तांब्याची तार आपल्याला खांदा देऊन पुन्हा कामावर रुजू होईल अशी असते. पण ज्या दोनतीन पट्ट्यांवर सगळा गाडा चालतो, त्या तीसचाळीस वर्षांनी एकतर ढिल्या पडतात किंवा वितळून काळ्या चिकट लगद्यात रूपांतरित होतात. तो लगदा बोटाला लागला की साबण हरतो, रॉकेल हरते, आणि दोन दिवस आपल्या हाताने कोणी प्रसाद घेत नाही. पट्टी ढिली असेल तर लक्षणे वेगळी: फीत पिंपाला वेढा घालून बाहेर येते, पण गुंडाळणारे चाक फिरत नाही, आणि मग यंत्र कॅसेट खाते. हे 'खाणे' ज्याने ऐकले आहे, त्याला त्या आवाजाचे वर्णन नको. आणि ज्याने ऐकले नाही, त्याच्या लग्नाची कॅसेट अद्याप सुखरूप आहे असे समजावे.

जुन्या यंत्रांची आणखी एक खोड मला फार प्रिय आहे. कॅसेटच्या दोन्ही टोकांना फितीचा थोडा भाग पारदर्शक असतो. यंत्राच्या मध्यभागी एक चिमुकला दिवा जळत असतो. फीत संपून पारदर्शक टोक आले, की त्या दिव्याचा उजेड पलीकडे पोहोचतो आणि यंत्र समजून घेऊन थांबते. व्यवस्था नामी आहे. फक्त तो दिवा गेला, की मोटार उत्तम, हेड उत्तम, पट्ट्या नव्याकोऱ्या, आणि यंत्र मात्र कोणतीही आज्ञा स्वीकारीत नाही. मामलतदार हजर, अव्वल कारकून हजर, पण शिक्का ज्याच्या कपाटात आहे तो शिपाई रजेवर, अशी ती अवस्था. माझ्यापुरते सांगायचे तर यंत्राच्या या वागण्याने मला प्रथमच सेवाकाळातील सहकाऱ्यांची आठवण येऊन गलबलून आले.

पावसाळ्यात याहून मौजेची गोष्ट घडते. या यंत्रांत ओलावा ओळखणारी एक चकती असते. पिंपावर दव जमले तर ओली फीत त्याला चिकटून बसेल, म्हणून हवेत दमटपणा वाढला की समोर दवाची खूण उजळते आणि हवा कोरडी होईपर्यंत यंत्र काम बंद ठेवते. ज्या जपानी अभियंत्याने ही सोय केली, त्याने जुलै महिन्यात गिरगावात बिऱ्हाड केले नव्हते हे उघड आहे. माझ्याकडचे एक यंत्र पहिल्या सरीबरोबर ती खूण दाखवते आणि दसऱ्याच्या आगेमागे कामावर रुजू होते. शेजारच्या आजी पापड केव्हा घालायचे हे हल्ली पंचांग न पाहता आमच्याकडे येऊन विचारून जातात.

हे सर्व पाहून सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "घरात चालणारा व्हीसीआर एकही नाही, आणि विजेचं बिल मात्र चालू." हे सर्वांशी खरे नाही. तीन यंत्रे चालतात. ती चालतात म्हणूनच तर पुढचा ताप सुरू झाला.

व्हीसीआर नादुरुस्त असेपर्यंत त्याच्या मालकाला समाज वेडा म्हणून सोडून देतो. दुरुस्त झाल्याची वार्ता मात्र कर्णोपकर्णी होते, आणि मग अर्जदारांची रीघ लागते. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कॅसेट, पिशवीला रबरबँड, कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेले लग्नाचे नाव आणि तारीख, आणि ओठांवर एकच वाक्य: "फक्त एकदा बघायची आहे हो." या मंडळींना मी आधी पावती देतो, कारण सवय जात नाही, मग खिडकीशी नेऊन कॅसेटच्या काचेतून फितीची कड तपासतो. कडेला पांढरे तंतू दिसले की बुरशी. कोकणातून आलेल्या कॅसेटीत ती हमखास सापडते, आणि तशीच यंत्रात घातली तर हेडावर बसून पुढच्या साऱ्या कॅसेटींना प्रसाद वाटते. असल्या कॅसेटीला आधी उघडून, कोरड्या मऊ कापडातून हलकेच गुंडाळून घ्यावे लागते. न्यू जर्सीहून आलेल्या एका भाचीने तिकडचे डोहाळजेवण आणले, ते आमच्या पद्धतीच्या यंत्रावर काळेपांढरे होऊन वरखाली धावू लागले. अमेरिकेतील पद्धत निराळी, तेथे पिंप मिनिटाला १८०० फेरे घेते. त्या एका डोहाळजेवणापायी दोन्ही पद्धती जाणणारे आणखी एक यंत्र घेणे मला भाग पडले, हे मी घरात लेखी दिलेले आहे.

लग्नाच्या या कॅसेटी पाहता पाहता त्या काळच्या व्हिडिओवाल्यांविषयी माझे मत फार उंचावले. हजारी दिव्याच्या झोतात डोळे मिटून घास घेणारी पंगतच्या पंगत त्यांनी एकाही माणसाला न वगळता टिपली आहे. वधूचे मुख गिरक्या घेणाऱ्या बदामात बसवले आहे. आणि रुखवतातील साखरेच्या बंगल्यावरून कॅमेरा अशा अदबीने फिरवला आहे, की पाहणाऱ्याला हा बंगला विक्रीस असावा असे वाटावे. पण सर्वांत संस्मरणीय प्रकरण एका साठीच्या दांपत्याचे. कॅसेटच्या पाठीवर एक लहानशी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्यावर पुन्हा चित्रण होत नाही. ती कोणी मोडत नसे, हा एक भाग. आणि मोडलेली असली तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवणारा एक दीर प्रत्येक कुटुंबात असे, हा दुसरा. या दांपत्याची कॅसेट उत्तम चालली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, होम पेटला, सप्तपदी सुरू झाली. तिसऱ्या पावलाला पडदा थरथरला, एक पांढरी रेघ वरून खाली गेली, आणि दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झालेल्या 'महाभारता'तील काळपुरुष हरीश भिमाणींच्या धीरगंभीर स्वरात बोलू लागला. नंतर शंख वाजले, आणि कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली.

काकूंनी हंबरडा फोडायच्या बेतात पदर तोंडाला लावला. काकांनी मात्र पुढे वाकून, चष्मा सावरून, रणांगण बारकाईने न्याहाळले आणि म्हणाले, "राहू द्या हो, बंद करू नका. पुढचं असंच होतं." मग दोघांनी अर्धा तास युद्ध पाहिले, चहा घेतला, आणि जाताना काकूंनी विचारले, "उरलेली चार पावलं कुठे मिळतील का हो?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी त्यांना कॅसेट नीट उलटी गुंडाळून, पट्टी मोडून परत दिली.

आता वस्तुस्थिती निवेदन करून ही कैफियत संपवतो. सोनीने बीटामॅक्सची यंत्रे २००२ साली थांबवली. व्हीएचएसचे यंत्र बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत हात टेकले. त्यामुळे नवे हेड मिळेनासे झाले आहे, आणि एक यंत्र जगवायचे तर दुसऱ्याचे अवयव काढावे लागतात. पट्ट्या लॅमिंग्टन रोडवर मापाने शोधून मिळतात, कंडेन्सर कोठेही मिळतात, हेड मात्र मेलेल्या यंत्रातच सापडते. तेव्हा ज्या वाचकांच्या माळ्यावर असे एखादे धूड पडून असेल, त्यांनी ते भंगारवाल्याला न देता आपापल्या गावातील आमच्यासारख्या एखाद्या इसमाचा शोध घ्यावा. तो फार दूर नसतो, बोटांवरच्या काळ्या डागांवरून ओळखू येतो. यंत्र बंद असले तरी चालेल, झाकण तुटलेले चालेल, रिमोटची तर आम्ही आशाच सोडली आहे. फक्त आत कॅसेट अडकलेली असली, तर कृपा करून ती स्वतः ओढून काढू नये.